माळ्यावरची हवा

तो मला पहिल्यांदा दिसला तो पायांपासून.

दुकानात शिरले तर माणूस कुठेच नाही. भिंतीला टांगलेले पंखे, पोट उघडं टाकून बसलेले टीव्ही, कोपऱ्यात वायरींचं वेटोळं... आणि टेबलाखालून बाहेर आलेले दोन अनवाणी पाय. डाव्या पायाचा अंगठा कसल्याशा गाण्यावर ताल धरत होता. गाणं मात्र कुठेच वाजत नव्हतं.

"अहो..." मी पायांना म्हटलं.

अंगठा थांबला.

"अहो, दुकानात कुणी आहे का?"

"अर्धा आहे," टेबलाखालून आवाज आला. "बाकीचा येतोय. तेवढी लाल वायर सोडता का? तुम्ही तिच्यावर उभ्या आहात."

मी दचकून उडी मारली आणि त्याच वेळी टेबलाखाली 'ठक्' झालं. मग बाहेर आले ते विस्कटलेले केस, मग कपाळ चोळणारा हात, आणि मग डोळे... हसरे. डोक्याला टेंगूळ येत असताना कुणाचे डोळे हसतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बोला. काय हवंय?"

"वायफायचा डबा. जुना चालेल."

"जुना नाही. वापरलेला आहे."

"फरक काय दोन्हींत?"

"जुना म्हटलं की लोक फुकट मागतात."

मला हसू आलं. त्यानं फळीवरून एक राउटर काढला, बाहीनंच पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. एके काळी पांढरा असावा. आता आटलेल्या दुधाच्या रंगाचा झाला होता. वर दोन अँटेना. एक ताठ, दुसरी मान टाकलेली.

"हा कान पडलाय याचा."

"ऐकू येतं त्याला. जरा लाजतो इतकंच." त्यानं अँटेना बोटानं वर केली. ती हळूच पुन्हा खाली आली. "बघा, तुमच्यासमोर तर जास्तच."

मी नजर राउटरवरच ठेवली. त्याच्याकडे बघितलं असतं तर माझाही कान लाल दिसला असता.

गल्ली त्याला 'जोडारी' म्हणायची. तुटलेलं जोडतो म्हणून जोडारी. त्याच्या दुकानासमोरच माझ्या आत्याचं घर, आणि त्या घराच्या माळ्यावर मी. आत्यानं माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या होत्या, गल्लीच्या बाजूला खिडकी पाडून घेतली होती, आणि "माळ्याला हवा हवी बाई, नाहीतर माणूस आंबतं" असं म्हणत मला वर चढवलं होतं.

"कुठे लावायचाय?" त्यानं विचारलं.

"समोर. माळ्यावर. खालची वायफाय जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत चढते, मग दमते. म्हणून मी—"

"—जिन्यात बसून शिकवता." त्यानं माझं वाक्य पुरं केलं. "जिन्यातल्या बाई! रोज सकाळी क ला काना का ऐकतो. माझी सगळी बाराखडी पक्की झाली तुमच्यामुळे."

खरं होतं ते. लांबलांबच्या मुलखांत वाढणारी मुलं, घरी मराठी बोलणारी पण वाचता न येणारी, त्यांना मी पडद्यावरून वाचायला शिकवायचे. शाळा दूरच्या शहरातली, मी इथे. जिन्यात बसले की मागून आत्या बादली घेऊन जाणार, दारावर कुणीतरी येणार, आणि ऐन 'कानामात्रा'च्या वेळी चित्र गोठणार. मुलं हसायची. मुख्याध्यापिका मात्र हसल्या नव्हत्या. 'सोमवारी मी स्वतः वर्गात बसते,' त्या म्हणाल्या होत्या. 'धड चालला तर ठीक. नाहीतर तुम्ही इकडेच राहायला या. खोली देते, इथून शिकवा.'

मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं. अनोळखी माणसाला इतकं सांगायची गरज नव्हती. पण तो ऐकत होता... हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ऐकत होता.

"म्हणजे हा चालला नाही तर तुम्ही जाणार."

"जायला लागू नये म्हणून तर नेतेय."

त्यानं राउटरच्या पाठीवर थोपटलं. "ऐकलंस ना रे?" तो त्या डब्याला म्हणाला. "लाजणं पुरे आता."

*

मला कुणी मदत केलेली आवडत नाही. आवडत नाही म्हणजे, मागायला आवडत नाही. म्हणून मी तो डबा घरी आणून स्वतःच लावला. दिवे लागले. मी खूश. पण आत शिरायला जावं तर तो किल्ली मागू लागला, कुठल्यातरी आधीच्या घराची किल्ली, जी माझ्याकडे असण्याचं कारणच नव्हतं. मी फुलांची नावं घालून पाहिली, देवांची घातली, एक ते आठ आकडे घातले. तो ढिम्म.

"परक्या घरचं आहे ते," आत्या म्हणाली. "नवं घर अंगवळणी पडायला वेळ लागायचाच."

शेवटी मी खिडकीतून खाली वाकले. "अहो जोडारी!"

तो लगेच बाहेर आला. इतका लगेच की वाटलं, दारातच उभा होता की काय.

"याला आधीचं घर आठवतंय!"

"आठवणारच," तो खालून म्हणाला. "विसरायला लावावं लागेल. घरात टाचणी आहे?"

दुपारी तो आला, खांद्यावर निळ्या वायरीचं भेंडोळं घेऊन. दारात आत्या उभी. ही माझी आत्या म्हणजे जुनी सुईण. साऱ्या गल्लीवर तिचा हक्क. या गल्लीतल्या निम्म्या लोकांना पहिली हवा मीच खायला घातली, असं ती सांगते आणि कुणाची 'नाही' म्हणायची छाती होत नाही.

"ये. चौकट बुटकी आहे, डोकं सांभाळ," ती त्याला म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "याला डोकं आधी घालायची सवयच नाही. जन्माच्या वेळीही पाय आधी आले होते मेल्याचे."

"आत्याबाई! सगळ्यांना सांगायलाच हवं का?"

"सगळ्यांना कुठे? हिला सांगतेय."

मला टेबलाखालचे पाय आठवले आणि मी पदर नाही म्हणून तोंडात ओढणी कोंबली. तो माझ्याकडे बघत होता. "हसून घ्या," तो म्हणाला, "मग कामाला लागू." आणि आत शिरताना चौकटीवर डोकं आपटलं ते आपटलंच.

माळा म्हणजे काय... वर उतरतं छप्पर, मधे उभं राहावं तर राहता येतं, कडेला गेलं की नमस्कार घातल्यासारखं वाकावं लागतं. तिथे आम्ही दोघं जमिनीवर बसलो. मधे तो आटल्या दुधाच्या रंगाचा डबा. त्यानं मागचं एक बारीकसं भोक दाखवलं.

"यात टाचणी घाला आणि दाबून धरा."

"मी?"

"तुमच्या घरी राहायचाय ना तो? तुमच्याच हातानं विसरू दे."

मी टाचणी घातली. आत काहीतरी नाजूकसं 'टिक' झालं.

"किती वेळ धरू?"

"दिवे मिचकावेपर्यंत. सोडू नका..."

आम्ही दोघंही दिव्यांवर डोळे लावून वाकलो होतो. त्याच्या शर्टाला कथलाच्या धुराचा वास होता, तापलेल्या धातूचा, थोडा राळेचा. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि माझी एक बट उडून त्याच्या गालापाशी गेली. मी ती मागे घ्यायला हवी होती. पण हात टाचणीवर होता. सोडू नका, असं त्यानंच सांगितलं होतं.

दिवे मिचकावले. सगळे एकदम.

"विसरला," तो हलक्या आवाजात म्हणाला. आणि तरी थोडा वेळ आम्ही दोघंही तसेच बसलो.

मग वायर. खालच्या राउटरपासून निघून नळाच्या पाइपाशेजारच्या भोकातून ती वर यायची होती. तो खाली गेला, मी वर भोकापाशी पालथी पडले.

"आली का?"

"नाही."

"आता?"

"टोक दिसतंय... ओढू?"

"हळू ओढा. नाहीतर वायरीबरोबर मीही वर येईन."

"भोक लहान आहे."

"पाय आधी घातले तर जमेल!"

आत्या खाली खो खो हसली. मी वायर धरली. त्यानं खालून दोनदा हलकेच ताणून पाहिली, मी धरलीय ना याची खात्री करायला. मी दोनदा ताणून उत्तर दिलं. मग उगीचच आणखी एकदा. खालून आवाज आला नाही, पण वायर पुन्हा एकदा हलली... तीही उगीचच.

तो वर आला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. "आता नीट ऐका. घरातल्या प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला राउटर एक पत्ता देतो. ते पत्ते वाटायचं काम खालचा करतोय. वरच्याचं ते काम बंद करायचं. दोघंही पत्ते वाटायला लागले की गोंधळ."

"एका घरात दोन कारभारी नकोत," जिन्यात येऊन बसलेली आत्या म्हणाली. "मग वरच्यानं करायचं काय?"

"खालच्याकडून येतं ते पुढे द्यायचं."

"कुठून? वायर तर इथे संपली."

"इथून पुढे हवेतून, आत्याबाई."

"म्हणजे हवाच की! मग वायफाय वायफाय काय करता मेल्यांनो. हवा म्हणा."

त्या क्षणापासून आमच्या घरात वायफायचं नाव 'हवा' पडलं.

त्यानं लोखंडी कपाटाकडे बघून नकारार्थी मान हलवली. "याच्यामागे ठेवू नका, लोखंड अडवतं." राउटर खिडकीच्या फळीवर ठेवला. पडलेल्या अँटेनाला दोऱ्यानं गाठ मारून उभं केलं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"आता नाव आणि पासवर्ड. तुम्ही टाका. पासवर्ड मला सांगू नका."

"का? तुम्ही काय चोर आहात?"

"नाही. पण समोर राहतो. मोह वाईट." असं म्हणून तो चक्क भिंतीकडे तोंड करून बसला. शिक्षा झालेल्या मुलासारखा, मांडी घालून, हात मांडीवर. मला त्याची मान दिसत होती आणि मानेवर चिकटलेला भिंतीचा चुना. झटकावासा वाटला... नाही झटकला.

"नाव काय देऊ?"

"काहीही द्या. तुम्हाला ओळखू येईल असं. इंग्रजी अक्षरांत टाका, जुना डबा आहे, मराठी समजेल न समजेल."

तेवढ्यात आत्या जिन्यातून ओरडली, "आली का गं माळ्यावर हवा?"

माळा. हवा. मला गंमत वाटली. मी हसत हसत टाकून दिलं — mala hava — आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं माझ्या मोबाइलच्या कोपऱ्यात सगळ्या रेघा उभ्या राहिल्या, शेवटची सुद्धा.

"आली!" मी ओरडले.

तो भिंतीशीच होता. "वळू का आता?"

*

सोमवारी सकाळी मुख्याध्यापिका पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बसल्या. धडा होता 'ळ'चा. परमुलखातल्या पोरांना हे अक्षर म्हणजे जिभेचा व्यायाम. बाळाचं 'बाल', कमळाचं 'कमल', फळाचं 'फल'.

"जीभ मागे वळवा," मी सांगितलं.

"वलवली, बाई."

"वळवली!"

"बाई, ज्या शब्दानं शिकवता त्यातच ल आहे!" एक छोटी कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

मग आम्ही खिडकीतून येणाऱ्या झुळकीला 'झुळूक' म्हटलं, 'खळखळ' म्हटलं, 'कळी उमलली' म्हटलं, आणि तासाच्या शेवटी पडद्यावरच्या सगळ्या चौकटींतून एकदम ळ ळ ळ असं कारंजं उडालं. चित्र एकदाही गोठलं नाही.

"बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मागून बादली गेली नाही. चुकल्यासारखं झालं." मग हसल्या. "राहा तिथेच."

राहा तिथेच! मी जिना उतरले की उडाले, आठवत नाही. आत्याला मिठी मारली आणि तशीच रस्ता ओलांडून समोर. हे पहिल्यांदा कुणाला सांगायचं, याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

पण जोडारीच्या दुकानाआधी शिंपीकाकांचं मशीन लागतं.

"बाई, इतक्या घाईत? मग... ठरला का?"

"काय ठरला, काका?"

"हवा तो."

"कोण हवा?"

"ते तुम्ही सांगायचं! आम्ही आपले सकाळपासून वाचतोय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि शाळेत धडा वाचतात तसं बोट ठेवून वाचलं, "म-ला... ह-वा."

माझ्या पायाखालची फरशी गेली.

माझ्या खिडकीतून निघून, रस्ता ओलांडून, प्रत्येक दुकानातल्या प्रत्येक मोबाइलवर मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. मला हवा. आणि समोरच्या दुकानात कोण बसतं, हे काय गल्लीला माहीत नव्हतं?

"माळा आहे तो!" मी किंचाळले. "माळा! ळ! माळ्यावरची हवा!"

"इथे तर ल दिसतोय."

"इंग्रजीत ळ नसतो, काका!"

"सोयीचं आहे हो मग इंग्रजी," काका म्हणाले आणि मशीन फिरवू लागले.

मान वर केली तर जोडारी दारात उभा. अंगात इस्त्रीचा शर्ट. कामाच्या दिवशी इस्त्री! हातात मोबाइल. कान असे लाल, जशी विस्तवावरची सळई.

"बाई, मी तुम्हाला—"

"ते माळा आहे," मी त्याला बोलूच दिलं नाही. "आत्या हवा म्हणते ना, म्हणून माळा, हवा. घाईत टाकलं. तुम्ही... तुम्ही भलतंच काही मनात आणू नका हं."

त्यानं मोबाइलकडे पाहिलं, अंगठ्यानं काहीतरी दाबलं आणि तो खिशात टाकला.

"नाही, नाही. मी कशाला... कळलं मला."

कळलं. इतका स्वच्छ, इतका घोटीव ळ. सकाळभर ज्या अक्षरासाठी मी घसा सुकवला, ते त्याच्या तोंडून ऐकताना मात्र का कोण जाणे, नकोसं वाटलं.

वर्गाचं सांगायचं राहूनच गेलं. वर गेले, दोऱ्याची गाठ मारलेल्या त्या अँटेनापाशी बसले आणि नाव बदललं — varchi kholi. वरची खोली. यात कुणाला काय वाचायचं ते वाचू दे.

*

पुढचे दिवस चांगलेच गेले म्हणायचे. वर्ग चालला, मुलं वाचू लागली, जायचं टळलं. हवं ते सगळं मिळालं होतं. खिडकीत बसावं, वारा यावा, पडदा फुगावा, पडदा बसावा... आणि समोरच्या दुकानातून स्क्रूड्रायव्हरशिवाय काही ऐकू येऊ नये.

"चालतोय ना राउटर?" तो भेटला की विचारायचा.

"चालतोय."

"बरं."

बस्स. ना पडलेला कान, ना लाजणं, ना उगीचच ताणलेली वायर. मी मुद्दाम एकदा म्हटलं, "अँटेनाचा दोरा सुटतोय." तर म्हणाला, "घट्ट गाठ मारा, बाई." स्वतः मारायला आला नाही.

मनात एक ओळ सारखी फिरायची, कुणी रचली नव्हती, आपोआपच जुळली होती —

वाऱ्याला गं सखे, कुणी घालावं कुंपण,
ज्यानं आणली गं हवा, त्याच्या दारी सामसूम...

एके दुपारी आत्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मांडीवर मोबाइल, नाकावर चष्मा.

"पोरी, आपली हवा बिघडली का गं?"

"नाही. का?"

"त्या सोमवारी माझ्या मोबाइलवर दोन-दोन दिसत होत्या. आता त्यातली एकही नाही. कुठलीशी खोली दिसते."

"ते मी नाव बदललं, आत्या. आणि दोन नव्हत्याच. एकच होती."

"दोन," आत्यानं टॉवेल झटकला. "मी आंधळी नाही. तू वर पोरांबरोबर ळ ळ करत होतीस तेव्हा. एक आपली. तिच्याखाली दुसरी, अगदी तिच्यासारखीच. फक्त शेपूट वेगळं. आपलीला शेवटी 'ए' होता, तिला 'आय'."

माझा हात घडीवरच राहिला. mala hava. आणि तिच्याखाली... mala havi.

"समोरच्या जोडारीनंही माळा काढला असेल म्हटलं," आत्या सहज बोलत होती. "म्हटलं, पोरानं बरं केलं. माळ्याला हवा हवी."

"आत्या... समोर नुसता पत्रा आहे. माळा कुठाय त्याच्याकडे?"

"तेच तर म्हणते मी." तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माळ्याचा पत्ता नाही, आणि हवा मात्र सुटलीय."

इस्त्रीचा शर्ट. लाल कान. 'बाई, मी तुम्हाला—' आणि मी? मी त्याला 'ळ' शिकवत बसले होते! त्यानं माझ्यासमोरच अंगठ्यानं पुसून टाकलं होतं, आणि मला वाटलं, मोबाइल बंद केला.

मी जिना चढले. मधल्या पायरीवर क्षणभर थांबले, जिथे हवा दमायची तिथेच. परत खाली जावं, गप्प बसावं, असंही वाटलं. राहायला घर होतं, काम होतं. काही बिघडलं नव्हतं. बिघडलं नव्हतं ते कशाला उघडायचं?

पण टाचणी हातात असताना कुणीतरी म्हणालं होतं... सोडू नका.

लॅपटॉप उघडला. पहिल्या वेळी बोटं नुसती हसत सुटली होती. या वेळी एकेक अक्षर छातीतून उचलून ठेवावं लागलं. m. a. l. a. मधली मोकळी जागा. मग उरलेली चार. ळ कुठेच नव्हता, आणि मला तो आठवलासुद्धा नाही. बटण दाबलं. राउटरचे दिवे विझले, पुन्हा एकेक करून लागले. मी खिडकीत जाऊन उभी राहिले.

तो दुकानाबाहेर स्टुलावर बसून पंख्याचं पातं पुसत होता. मोबाइल खिशात. बघेना. शिंपीकाकांचं मशीन खडखडत होतं. वारा आला, गेला. तो बघेचना!

"अहो!" मी ओरडले.

मशीन थांबलं. "अहो म्हणाली," काकांनी मशीनलाच सांगितलं.

त्यानं वर पाहिलं. "काय झालं, बाई? हवा गेली?"

"बघा जरा... तुमच्याकडे दिसतेय का."

त्यानं फडक्याला हात पुसले, मोबाइल काढला. पाहिलं. पाहतच राहिला. पंख्याचं पातं मांडीवरून घसरून खाली वाजलं, त्याला ऐकू आलं नाही.

"बाई..." तो शेवटी म्हणाला. आवाज वर पोचेल न पोचेल असा. "ळ राहिला."

"राहिला नाही," मी म्हटलं. "काढलाय."

तो उठला आणि दुकानात शिरला. माझा जीव टांगणीला. खिडकीतून मला फक्त टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय दिसत होते. मग डावा अंगठा हलला. ताल धरला त्यानं... तोच, कुठेच न वाजणाऱ्या गाण्याचा.

माझ्या हातातला मोबाइल उजळला. mala hava. आणि तिच्याखाली, हळूच येऊन बसलेली — mala havi.

टेबलाखाली, त्याच्या स्वतःच्या राउटरपाशी, 'ठक्' झालं. तो कपाळ चोळत बाहेर आला.

"दिसली?" त्यानं विचारलं.

"दिसली. पण मला नीट लागत नाही." माझ्या तोंडून वर्गातला आवाज निघाला. "मोठ्यानं वाचा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"वर्गात लाजायचं नाही."

त्यानं शिंपीकाकांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग वर... माझ्याकडे. आणि बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करत वाचलं, "मला... हवी."

"तुमच्या दुकानाला माळा कुठाय?"

"नाही ना," तो म्हणाला. "म्हणूनच दुसरं काही वाचता येत नाही."

"कोण हवी रे?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्ही शिवा!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

खालून आत्याची हाक आली. "आली का गं हवा?"

"आली, आत्या!"

"मग खिडकीतून किती वेळ खाणार? त्याला म्हणावं, घरात ये. आणि म्हणावं, निदान आज तरी डोकं आधी घाल."

तो रस्ता ओलांडून आला. या वेळी चौकटीखाली नीट वाकला, मी वरून ऐकत होते, आवाज झाला नाही. तो जिना चढू लागला, मी उतरू लागले. मधल्या पायरीवर आम्ही समोरासमोर आलो. त्याच्या मानेवर आज चुना नव्हता, कपाळावर मात्र दुकानातली धूळ होती. या वेळी मी ती झटकली.

"बाई..."

"बाई वर्गात."

"मग इथे काय म्हणू?"

"काहीही," मी म्हटलं. "तुला ओळखू येईल असं."

तो माझ्या कानाशी वाकला आणि त्यानं एक नाव दिलं. ते मात्र गल्लीत कुणाच्याच मोबाइलवर दिसत नाही.